शेवटची अकरा मिनिटं

शुक्रवारी दुपारी, वाडी कबीरला
(नावात वाडी, आणि नजर जाईल तिथवर
एक शेवग्याचं झाड नाही)
तुस्कानोच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण
एका होडीवरून भांडलो.

होडीला पापण्या आहेत,
हा जुम्म्याहून थेट आलेल्या मुकादमचा पहिला मुद्दा.
लांब, काळ्या, वर वळवलेल्या.
आणि ती बोलते. बोलते तर बोलते, कोटीसुद्धा करते!
‘सुकती’तली गंगी,
जिच्या फळ्या आख्ख्या सिनेमात तीनदाच करकरतात
आणि तिसऱ्यांदा करकरल्या की पोटात खड्डा पडतो,
तिचं पोरांसाठी कार्टून केलं,
नाव ठेवलं ‘गंगी गटांगळी’,
आणि बाबी तांडेलाच्या ओठातली विडी काढून
पेपरमिंटची कांडी खोचली.

विडी काढली ते बेस केलं,
शृंगारपुरे वहिनी चकल्या तळता तळता आतून म्हणाल्या,
रात्रभर कोण खोकतं आमच्याकडे?
हा मुद्दा नाही, असं चौघे एकदम ओरडले.

नेवगी नेहमी उशिरा तोंड उघडतो.
म्हणाला, बाबी बोलायला लागला तर मग उरलं काय.
आपण त्याच्या न बोलण्यावर दिवस काढले.
घरी पत्रात काय लिहायचो? मी ठीक. पैसे पाठवलेत.
ते बाबीचंच अक्षर होतं.

यावर कोणी काही बोललं नाही.
एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.

मला खरं तर वेगळंच आठवत होतं.
घालाचा कॅम्प, एकोणनव्वद साल,
सोळा जणांत एक टीव्ही,
आणि मुकादमच्या मामाने राजापूरहून
लुंगीत गुंडाळून आणलेली कॅसेट.
कस्टमवाल्यांनी चार दिवस ठेवून घेतली,
परत दिली तेव्हा एक जण म्हणाला म्हणे, छान आहे, पण संपत नाही.
खरंच संपत नव्हती.
बाबी वल्हं उचलतो, समोर खाडी, पाणी उतरायला लागलेलं,
आणि फटकन हळद!
पाटावर एक मुलगी, कोपरापर्यंत पिवळी,
आपल्याकडे बघून हसते,
मागून कुणीतरी विचारतं, बाळूला जेवायला दिलं का?
अकरा मिनिटं. कुणाची मुलगी, मुकादमलाही पत्ता नाही.

आम्ही टीव्ही बंद नाही केला कधी.
दर गुरुवारी रात्री सोळा पुरुष
ग्रीसचे हात धुऊन
त्या हळदीला हजर.
बाबी परततो की नाही यावर दोनदा मारामारी झाली,
एकदा नेवगीचा दात गेला.
तुस्कानो एवढंच म्हणायचा, तो हळदीला गेलाय, येईल जेवून.

त्र्याण्णवला सुट्टीवर गेलो तेव्हा
मालवणात मी खरा शेवट पाहिला.
आल्यावर कोणी विचारलं नाही. मीही सांगितला नाही.
त्यांनीही पाहिला असणार आपापल्या सुट्टीत.
तेही गप्प.

इतक्यात मुकादमने, दोष काढायला म्हणूनच,
पहिला भाग पुन्हा लावला.
वल्हं उलटं धरलंय बघ. ही खाडी आहे की स्विमिंग पूल?
असं करत करत आम्ही सगळे सरकून
सोफ्याच्या कडेला आलो.
खाली गालिच्यावर तुस्कानोची नात, जेनिशा,
सहा वर्षांची, मराठी अर्धी आजोबाची, अर्धी शेजारच्यांची,
कपाळाला आठ्या घालून बघत होती.
संपल्यावर उठली, कमरेवर हात.
This is wrong, आजोबा.
ती यलो मुलगी कुठाय?

तुस्कानो माझ्याकडे बघेना.
मुकादम घसा खाकरून म्हणाला,
तेच तर मी मघापासून सांगतोय.

वहिनींनी चकल्या आणून ठेवल्या.
कोणीतरी दुसरा भाग लावला.